टिंबाच्या अलीकडे काय, पलीकडे काय: एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना

जुन्या कागदावर क्षेत्राच्या रकान्यात फक्त '२.२०' एवढंच लिहिलं आहे. जमीन किती?

कागद पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं खरेदीखत असेल, तर ती बहुधा २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. कागद पूर्व विदर्भातला, जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरातला असेल, तर ती २ एकर आणि २० डिसमिल असू शकते. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, म्हणून ही जमीन २ एकर ८ गुंठेच भरते. आणि कागद आजचा सातबारा असेल, तर ती २ हेक्टर २० आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग), म्हणजे ५ एकर साडेसतरा गुंठे. आकडा तोच, पण जमीन अडीच एकर, सव्वादोन एकरांना थोडी कमी किंवा जवळजवळ साडेपाच एकर.

गुणाकार मोबाईलवर कुणीही करतं. चूक होते ती त्याआधी, टिंबाचा अर्थ लावताना. म्हणून पहिल्यांदाच सातबारा हातात घेणाऱ्यांनी, वारसाहक्काची कागदपत्रं जुळवायला बसलेल्यांनी आणि परदेशात बसून भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला उतारा वाचणाऱ्यांनी कॅल्क्युलेटर थोडा वेळ बाजूला ठेवावा. आधी कागद वाचावा.

पहिली पायरी: कागद कोणत्या काळातला, कोणत्या मुलखातला

हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. आजच्या सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र 'हे.आर.चौ.मी.' असं तीन घरांत असतं. '१.०५.३०' म्हणजे १ हेक्टर, ५ आर, ३० चौरस मीटर. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर हेक्टरचं घर नसतं, तिथे 'आर.चौ.मी.' एवढंच असतं. त्यामुळे बिनशेती उताऱ्यावरचं '२.५०' म्हणजे २ आर ५० चौरस मीटर, सरळ २५० चौरस मीटर. ते अडीच हेक्टर समजणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रकान्याच्या डोक्यावर एकक बारीक अक्षरांत असतं आणि आपलं लक्ष आधी आकड्यावर जातं. आधी रकान्याचं डोकं वाचायची सवय लावून घ्या.

दशमान पद्धत येण्याआधीच्या कागदांत एकर-गुंठे असतात, कधी त्यापुढे आणेही. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण गावच्या दप्तरात तो पोचायला वेळ लागला. तुमच्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, काढलेत तर त्यांत बहुधा एक असा फेरफार सापडेल, ज्यात भारतीय नाणे अधिनियम, १९५५ आणि वजने-मापे अंमलबजावणी अधिनियम, १९५८ यांचा हवाला देऊन क्षेत्र आणि आकार (सरकारी सारा) दशमानात फिरवले आहेत. हा फेरफार सोन्यासारखा जपा. त्यात तुमच्याच जमिनीचं जुनं आणि नवं माप सरकारी हाताने समोरासमोर लिहिलेलं असतं. तुमचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे पडताळायला याहून चांगली जागा नाही.

गुंठा आला कुठून

ही गोष्ट माहीत असली की आकडे पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे थोडा थांबतो.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून दख्खनची नवी जमीन मोजणी सुरू केली. आजचे सर्व्हे नंबर आणि त्यांच्या बांधांवरचे दगड ही त्याच परंपरेची देणगी. मुंबई इलाख्याच्या मोजणीत जी साखळी वापरली जाई ती ३३ फुटांची होती, इंग्लंडातल्या ६६ फुटांच्या गुंटर साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे सोळा भाग केलेले असत. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच.

आता मनातल्या मनात जमिनीवर एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन आखा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच गुंठा. त्याच चौकोनातली एक साखळी लांब आणि एक आणा रुंद अशी पट्टी घ्या. तिचं क्षेत्र ६८.०६ चौरस फूट, आणि हाच क्षेत्राचा एक आणा. सोळा पट्ट्या मिळून गुंठा पुरा होतो. चाळीस गुंठे मिळून एकर: ४३,५६० चौरस फूट.

शहरातल्या जुन्या दस्तांत चौरस वार दिसतो. ३३ फूट म्हणजे ११ वार, म्हणून गुंठा म्हणजे ११ गुणिले ११, १२१ चौरस वार. एकराचे ४,८४०. एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट.

आर मात्र मीटरचं अपत्य आहे. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर आर म्हणजे हेक्टर. तेहेतीस फूट म्हणजे साधारण १०.०६ मीटर, त्यामुळे गुंठा आरापेक्षा किंचित मोठा: १०१.१७ चौरस मीटर. हा सव्वा टक्क्याहूनही कमी असलेला फरक सगळ्या घोळाचं मूळ आहे. दोन्ही इतके जवळ आहेत की गावात बोलताना 'आर म्हणजे गुंठाच' असं सर्रास म्हणतात. बोलण्यापुरतं ते चालतं, दस्तात चालत नाही. एकराचे ४० आर धरले तर जवळजवळ ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून जास्त जागा हिशेबातून गळते. रस्त्याला लागून असलेल्या जमिनीत एवढ्या जागेत एक छोटं घर बसतं.

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे आकडे एवढेच:

१ गुंठा = १६ आणे = १०८९ चौ. फूट = १०१.१७ चौ. मी.
१ एकर = ४० गुंठे = ४०४६.८६ चौ. मी. = ४०.४७ आर
१ डिसमिल = ४३५.६ चौ. फूट = ४०.४७ चौ. मी.
१ आर = १०० चौ. मी. = १०७६.३९ चौ. फूट
१ हेक्टर = १०० आर = २.४७१ एकर = ९८.८४ गुंठे

दुसरी पायरी: सगळं एका लहान मापात आणा, मग बदला

जुन्याकडून नव्याकडे येताना आधी सगळ्याचे गुंठे करा. समजा खरेदीखतात ३ एकर २७ गुंठे आहे. तीन चाळीस एकशेवीस, अधिक सत्तावीस, म्हणजे १४७ गुंठे. त्यांना १०१.१७१४ ने गुणा: १४,८७२ चौरस मीटर. आता हा आकडा उजवीकडून दोन-दोन अंकांनी तोडा. शेवटचे दोन अंक चौरस मीटर, त्याआधीचे दोन आर, उरलेला हेक्टर. १ हेक्टर ४८ आर ७२ चौरस मीटर. सातबाऱ्यावर हे '१.४८.७२' असं दिसायला हवं.

उलट जाताना आधी सगळ्याचे चौरस मीटर करा. '१.०५.३०' म्हणजे १०,५३० चौरस मीटर. त्याला १०१.१७१४ ने भागलं की १०४.०८ गुंठे. चाळीसचे दोन गठ्ठे बाहेर काढले की २ एकर २४ गुंठे आणि वर ०.०८ गुंठा. आणे हवे असतील तर या ०.०८ ला सोळाने गुणा, सव्वा आणा येतो.

'१.०५.३०' मधलं ते शून्य फार महत्त्वाचं आहे. पाच आर नेहमी '०५' लिहिले पाहिजेत. कुणी घाईत '१.५' लिहिलं की वाचणारा त्याचा दीड हेक्टर करतो, आणि ५ आर व ५० आर यांत ४५ आरांचं, म्हणजे एकराहूनही मोठं अंतर आहे.

आमच्याच घरात असं झालं. आजोबांच्या जुन्या खरेदीखतात १ एकर ८ गुंठे जमीन होती. कुणीतरी घरच्या वहीत ती '१.८ एकर' अशी उतरवून ठेवली. वाटणीच्या वेळी काकांनी वही उघडली आणि १.८ एकर म्हणजे ७२ गुंठे धरून चौघांचे अठरा-अठरा गुंठ्यांचे वाटे पाडले. प्रत्यक्षात गुंठे होते अठ्ठेचाळीस. बांधावर टेप लावल्यावर शेवटच्या वाट्याला काही उरेचना. शेवटचा वाटा आत्याचा होता. ती एवढंच म्हणाली, "दादा, माझी जमीन कुणी नेली?" कुणीच नेली नव्हती, चोवीस गुंठे मुळात नव्हतेच. पण दोन वर्षं घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मूळ खत आणि तो दशमानाचा फेरफार शेजारी ठेवले तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणून सांगतो, एकर-गुंठे लिहिताना टिंब वापरूच नका. 'ए. १ गुं. ८' असं लिहा. जुने कारकून तसंच लिहीत, आणि ते बरोबर होतं.

बेरीज करताना हातचा

दोन-तीन तुकड्यांची बेरीज करताना प्रत्येक घराचा हातचा वेगळा असतो. आणे सोळाला भरतात, गुंठे चाळीसला, आर शंभराला.

समजा एक तुकडा १ एकर ३२ गुंठे १२ आणे आणि दुसरा २ एकर १९ गुंठे ९ आणे आहे. आण्यांची बेरीज एकवीस, त्यातले सोळा काढून हातचा एक, उरले पाच. गुंठे ३२ अधिक १९ अधिक १, बावन्न, त्यातले चाळीस काढून हातचा एक, उरले बारा. एकर १ अधिक २ अधिक १, चार. उत्तर ४ एकर १२ गुंठे ५ आणे. याचे १७,४३३ चौरस मीटर होतात, म्हणजे १.७४.३३. हीच बेरीज कॅल्क्युलेटरवर १.३२ अधिक २.१९ अशी केली तर ३.५१ येते, आणि कुठल्याही पद्धतीने वाचली तरी ती चूकच असते.

दुसरी काळजी म्हणजे आधी बेरीज, मग रूपांतर. प्रत्येक तुकडा वेगळा बदलून पूर्ण आरांत आणत गेलात तर थोडी-थोडी जागा प्रत्येक वेळी सुटते. एक-एक एकराचे पाच तुकडे ४०-४० आर धरून जोडले तर २ हेक्टर होतात. एकत्र बदलले तर २.०२.३४. सव्वादोन गुंठे वाटेतच गेले.

तीन आणे, तीन अर्थ

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो आणा. जुन्या उताऱ्यात तो तीन वेगवेगळ्या कामांसाठी येतो.

क्षेत्राच्या रकान्यातला आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, तो वर आलाच. आकाराच्या रकान्यातला आणा म्हणजे पैसा. आकार म्हणजे सरकारी सारा. तो रुपये-आणे-पैमध्ये लिहिलेला असतो, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. ५ रुपये ४ आणे आकार असेल तर दशमानात ते ५.२५. याचा क्षेत्राशी थेट संबंध नाही. आकार जमिनीच्या प्रतीवर ठरतो, त्यामुळे सारख्याच क्षेत्राच्या दोन नंबरांचा आकार वेगळा असू शकतो.

तिसरा आणा नावापुढे असतो. सामाईक जमिनीत खातेदाराच्या नावापुढे '४ आणे' किंवा '५ आ. ४ पै' असं दिसलं तर तो हिस्सा समजा. सगळी जमीन म्हणजे एक रुपया. चार आणे म्हणजे पाव हिस्सा, पाच आणे चार पै म्हणजे बरोबर एक तृतीयांश. समजा गट १.२०.०० चा आहे आणि तुमच्या आजीच्या नावापुढे चार आणे आहेत. तिचा वाटा ३० आर. हे चार आणे क्षेत्राचे समजलात तर आजीच्या वाट्याला २५ चौरस मीटर येतील. असा अर्थ लावून हक्क सोडून दिल्याची कहाणी तुमच्या घरात घडू नये, एवढीच माझी इच्छा.

बिघा, पांड, काठी, चाहूर

इनामाचा कागद, देवस्थानाची सनद किंवा मोडीतला जुना दस्त हातात आला तर त्यात एकर नसतोच. तिथे बिघा असतो.

मोजणीची काठी शिवकाळात पाच हात पाच मुठींची होती. अण्णाजी दत्तोंच्या जमाबंदीत तीच वापरली गेली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद चौरस म्हणजे एक बिघा. चौरस काठ्यांत बोलायचं तर वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, सहा बिघ्यांचा रुका आणि वीस रुक्यांचा, म्हणजे १२० बिघ्यांचा चाहूर. 'पाव चाहूर' असा उल्लेख आला तर ते तीस बिघे.

आता याचे एकर करायचे. चौरस काठी ३९¼ चौरस हातांची आणि हात दीड फुटाचा धरला, तर बिघा ३५,३२५ चौरस फुटांचा होतो. म्हणजे साधारण साडेबत्तीस गुंठे, एकराचे चार-पंचमांश. या हिशेबाने पाव चाहूर म्हणजे चोवीस-सव्वाचोवीस एकर.

पण हे उत्तर पेन्सिलीनेच लिहा. हात माणसाचा होता आणि मूठही माणसाची. मुलखागणिक बिघा बदलत असे. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये 'बिघा' टाकलात तर तो तुम्हाला गुजरातचा, राजस्थानचा किंवा बंगालचा बिघा देईल, आणि तुमच्या सनदेतला बिघा त्यांच्यापैकी एकही नसेल. बिघ्यावरून जमीन अंदाजाने ओळखायची असते. पक्कं क्षेत्र ठरतं ते इंग्रजी मोजणीनंतर त्या जमिनीला कोणता सर्व्हे नंबर पडला, हे शोधून. सनदेतल्या चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत, दक्षिणेस देवळाची वाट, या सर्व्हे नंबराच्या नकाशाशी जुळवून पाहा. सीमा जुळल्या की त्या नंबराचं एकर-गुंठ्यांतलं क्षेत्र घ्या आणि तिथून पुढे हेक्टरकडे या.

बोलण्यात कुणी बिघा म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "किती गुंठ्यांचा बिघा?" कोकणात भातशेताची ओळख पेऱ्यावरून सांगतात, अमुक मणाचं शेत, अमुक खंडीचं शेत. ते बियाण्याचं माप आहे, क्षेत्राचं नाही. त्याचे आर करायला जाऊ नका. गोव्यात जमिनीचा व्यवहार चौरस मीटरमध्येच होतो, तिथे हा त्रास कमी आहे.

विकत घेताना

प्लॉट विकणारे 'गुंठा म्हणजे हजार फूट' असं सांगतात. १०८९ मधले ८९ कुठे गेले, ते विचारा. कधी ते रस्त्यासाठी सोडलेले असतात, कधी फक्त बोलण्याची सोय असते. या हिशेबाने एकराचे ४०,००० फूट धरले तर ३,५६० चौरस फूट, म्हणजे सव्वातीन गुंठे बाहेर राहतात. भाव गुंठ्यावर ठरतो आहे की चौरस फुटावर, हे आधी ठरवा आणि दोन्ही बाजूंना एकच माप वापरा.

सातबाऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगवेगळे लिहिलेले असतात. ओढा, नाला, खडकाळ भाग, रस्ता हे पोटखराब्यात जातं. '१.०५.३०' हे एकूण क्षेत्र असेल आणि त्यात '०.१०.००' पोटखराबा असेल, तर पिकाखालची जमीन ०.९५.३० आहे. रूपांतर करताना नेमकी कोणती ओळ घेतली, ते वहीत शेजारी लिहा. महिन्याभराने तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.

आणि कागदावरचा हिशेब कितीही बरोबर आला, तरी त्याने बांध सरकत नाही. जुन्या खतातले ३ एकर २७ गुंठे आणि आजचे १.४८.७२ जुळले, याचा अर्थ कागद कागदाशी जुळला. जमीन कागदाशी जुळते की नाही, हे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनंतर आणि मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवरून कळतं. मोजणीच्या दिवशी जुनं खत, दशमानाचा फेरफार, ताजा सातबारा आणि तुमच्या हिशेबाची वही सोबत घेऊन बांधावर हजर राहा. शेजाऱ्यालाही आधी कळवा, तोही तिथे असू द्या.

खरेदीखताचा मसुदा तयार झाला की क्षेत्राची ओळ स्वतः वाचा. '१.०५.३०' एवढ्यावर समाधान मानू नका. शेजारी अक्षरांत लिहून घ्या: 'एक हेक्टर पाच आर तीस चौरस मीटर, म्हणजेच सुमारे दोन एकर चोवीस गुंठे'. वकील म्हणतील, आकडा पुरेसा आहे. तरीही लिहून घ्या.